पावाशिवाय पोट भरेल असं भाजी-चीजचं आमलेट

संध्याकाळी आमलेटच्या गाडीवर जाऊन "पाव नको" म्हणून बघा. गाडीवाला उलथनं हातात तसंच धरून तुमच्याकडे बघतो. "मालक, दोन तर घ्या. नुसतं आमलेट कसं खाणार?" त्याचं काही चुकत नाही. गाडीवरचं आमलेट पावासाठीच केलेलं असतं. पातळ, झणझणीत, मिठाला जरा पुढे आणि कडेनं तेलकट. त्यातून पाव काढून घेतला की ते चार घासांत संपतं आणि तासाभरात पोट परत विचारायला लागतं.

म्हणून ज्यांना जेवणातलं कार्बोहायड्रेट कमी करायचंय, वजनासाठी म्हणा नाहीतर शुगरसाठी, त्यांनी गाडीवरच्या आमलेटमधून पाव वजा करत बसू नये. आमलेटच वेगळं करावं. जाड, भाजीनं भरलेलं, चीजमुळे पोटाला आधार देणारं. हे सगळं मी अशा लोकांसाठी लिहितोय ज्यांनी चहा आणि मॅगी सोडून गॅसजवळ काही केलेलं नाही. मीही त्यातलाच. पंचेचाळिशीत पहिल्यांदा अंडं फोडलं आणि निम्मं टरफल भगुल्यात गेलं.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी-पाव एकदम बंद करू नका. गोळीचा डोस तुमच्या रोजच्या जेवणाला धरून ठरवलेला असतो. जेवणातलं कार्बोहायड्रेट अचानक निम्म्यावर आलं की शुगर खाली जाऊन घाम फुटतो, हातपाय थरथरतात. आधी डॉक्टरांशी बोला. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती चालेल तेही विचारा, कारण या ताटलीत ते भरपूर आहे.

हिशेब कुठे बिघडतो

एका अंड्यात कार्बोहायड्रेट अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं. चीजमध्येही नगण्यच. पालक, ढोबळी मिरची, मशरूम या भाज्यांत १०० ग्रॅमला साधारण ३ ते ५ ग्रॅम, आणि त्यातही काही भाग चोथा. मी खाली जे आमलेट सांगणार आहे त्याची बेरीज केली तर सगळं मिळून ८ ग्रॅमच्या आसपास जातं, आणि प्रोटीन २० ग्रॅमच्या वर मिळतं. पावाचं म्हणाल तर त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं कार्बोहायड्रेटच असतं. दोन पाव खाल्ले की आमलेटच्या तीन-चार पट तिथेच झालं.

घरी आमलेट फुगावं म्हणून त्यात चमचाभर बेसन घालायची पद्धत आहे. चव छान लागते, पण आपल्याला इथे ते नको. मैदा, कॉर्नफ्लोअर, ब्रेडचा चुरा हेही नको. दुधाचं थोडं वेगळं आहे. दोन चमचे दुधानं कार्बोहायड्रेट काही फारसं वाढत नाही, पण अंडं सैल पडतं आणि आमलेट उलटताना फाटतं. नवशिक्यानं दुधाच्या नादाला लागू नये.

मंडईतून काय आणायचं

सोलापुरात असाल तर लक्ष्मी मंडईत किंवा घराजवळच्या भाजीवाल्या मावशींकडे जे ताजं दिसेल ते घ्या, फक्त जमिनीखाली वाढणाऱ्यांपासून जरा सांभाळून. बटाटा नाहीच. गाजर किसून चिमूटभर चालेल. कांदा आपल्याला सुटणार नाही, म्हणून तो एक लहान घ्या, तोही अर्धाच वापरा. मटार आणि मक्याचे दाणे दिसायला हिरवे-पिवळे छान दिसतात, पण त्यांच्यात पिठूळपणा जास्त. हॉटेलातल्या 'व्हेज-चीज आमलेट'मध्ये मका असू शकतो, हे लक्षात ठेवा.

एका माणसाच्या एका जेवणासाठी एवढं पुरतं: तीन अंडी, अर्धी ढोबळी मिरची, मूठभर पालक, चार-पाच मशरूम, अर्धा लहान कांदा, एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर आणि चीजचा एक क्यूब. २०० ग्रॅमच्या डब्यात आठ क्यूब येतात, म्हणजे एक २५ ग्रॅमचा. मशरूम मिळाले नाहीत तर बारीक चिरलेला कोबी घ्या. थंडीत मेथी येते, तीही चालते, पण दोन चमच्यांपेक्षा जास्त घातली तर चीजची चव मागे पडते. कांद्याची पात मात्र कांद्यापेक्षा बरी. रंगही येतो आणि गोडसरपणा कमी. शेपूची मला स्वतःला आवड आहे, घरात दुसऱ्या कुणाला नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

टोमॅटो घालायचाच असेल तर आतला बियांचा गर काढून नुसती भिंत चिरून घ्या. त्या गरामुळेच आमलेट पाणचट होतं.

चीज घेताना पाकीट उलटं करून वाचा. 'चीज' लिहिलेलं आणि चीजसारखं दिसणारं, यात फरक असतो. घटकांच्या यादीत वनस्पती तेल किंवा स्टार्च दिसलं तर ते परत ठेवा. चीज स्प्रेडमध्येही कधीकधी नको ते असतं, म्हणून मागच्या तक्त्यात कार्बोहायड्रेटची ओळ बघायची सवय लावा. साधं प्रोसेस्ड चीज या कामाला उत्तम. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते वितळताना तूप सोडत नाही, एकसारखं मऊ होतं. मोझरेला तार धरतं, पण चवीला फिकं, त्यामुळे मीठ-तिखट वाढवावं लागतं. पनीर चालेल का, असं खूप जण विचारतात. चालेल, पण ते वितळेल ही अपेक्षा ठेवू नका. दूध लिंबानं किंवा व्हिनेगरनं फाडून पनीर होतं, आणि आंबटानं धरलेलं दूध तापवल्यावर सैल होत नाही. ते तसंच्या तसं भुरभुरीत राहतं. चवीला छान, फक्त आमलेटला चिकटून धरणार नाही.

अंड्यांचं

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जाऊन बसतो. त्या दिवसांत दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेल्या ट्रेमधली अंडी घेऊ नका आणि आणलेली ओट्यावर ठेवू नका, सरळ फ्रिजमध्ये टाका. ठेवण्याआधी धुऊ नका. टरफलावर एक नैसर्गिक थर असतो, तो धुतल्यानं जातो आणि बाहेरचे जंतू आत जायला वाट होते.

अंडं जुनं आहे का हे बघायला भगुल्यात पाणी घेऊन त्यात सोडा. आडवं तळाशी पडलं तर ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर थोडं जुनं, चांगलं शिजवून खा. तरंगलं तर फेकून द्या. दिवस जातात तसं टरफलातून आतलं पाणी उडून जातं आणि हवेची पोकळी मोठी होते, म्हणून ते वर येतं.

आणि प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, मग भगुल्यात ओता. एकदा मी थेट भगुल्यातच फोडत होतो. दोन चांगली निघाली, तिसरं नासकं. वासानं स्वयंपाकघरातून सगळे बाहेर. तिन्ही अंडी गेली, भगुलं दोनदा घासलं.

तव्याचा प्रश्न

अनेक घरांत अंडं आत येतं, पण भाकरीच्या तव्याला शिवत नाही. मी पहिल्याच दिवशी तो उचलला आणि आतून आवाज आला, "अहो, तो भाकरीचा तवा आहे!" तेव्हापासून माझा पॅन वेगळा, वेगळ्या खिळ्यावर. नाहीतरी भाकरीचा तवा या कामाला मोठाच पडतो. तीन अंडी त्यावर पापडासारखी पसरतात. ८ ते ९ इंचाचा, कड असलेला पॅन घ्या आणि त्याला बसेल असं झाकण शोधून ठेवा. नॉनस्टिक असेल तर लाकडी उलथनं, आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर तापत ठेवू नका. बिडाचा असेल तर तेल जरा जास्त लागेल.

आधी भाजीतलं पाणी काढा

नवशिक्याचं आमलेट बिघडतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. कच्ची भाजी अंड्यात कालवून ओतली की अंडं शिजत असताना भाजी पाणी सोडायला लागते. वरून आमलेट झालेलं दिसतं, उलटलं की खालून पाणी, आणि ताटलीत एक करडं-हिरवं डबकं. पालक आणि मशरूम म्हणजे तर बहुतांशी पाणीच.

म्हणून भाज्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या बारीक चिरा. पालक धुऊन फडक्यावर पसरून कोरडा करा आणि मग चिरा. पॅनमध्ये चमचाभर तेल घालून मध्यम आचेवर आधी कांदा आणि ढोबळी मिरची दोन मिनिटं परता. मग मशरूम आणि चिमटीभर मीठ. मिठानं पाणी लवकर सुटतं, आपल्याला तेच हवंय.

आता उलथनं थांबवून नुसतं बघा. पहिली मिनिटभर काही होत नाही. मग मशरूमच्या कडा काळपट होतात, आकसतात, आणि पॅनच्या तळाला पाणी साचतं. त्याला बारीक बुडबुडे येतात, आवाज भात शिजतानाच्या रटरटीसारखा असतो. घाबरून गॅस बंद करू नका. दोन-तीन मिनिटांत पाणी आटतं आणि आवाज बदलतो. रटरट जाऊन तडतड सुरू होते. ती तडतड म्हणजे आता पॅनमध्ये फक्त तेल उरलंय. मग पालक टाका. मूठभर पालक डोळ्यांदेखत दोन चमचे होतो. एक मिनिट परतून सगळं ताटलीत काढा आणि पसरून ठेवा. ढीग करून ठेवलं तर वाफेनं परत ओलं होतं.

अंडं फेटणं

तीन अंड्यांत दोन चिमटी मीठ घाला, जास्त नको. चीज खारट असतं आणि भाजीतही मीठ पडलेलं आहे. पहिल्या खेपेला मी नेहमीच्या अंदाजानं मीठ घातलं होतं, ते आमलेट तोंडात धरवेना. मग मिरपूड, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर. काळं तिखट घरात असेल, आणि आपल्याकडे असतंच, तर पाव चमचा घाला. त्यानं रंग थोडा मातकट येतो, फोटो चांगला येणार नाही, पण वास असा सुटतो की शेजारचे विचारतील.

काट्यानं फेटा. पांढऱ्याचे दोरे दिसेनासे झाले, काटा उचलल्यावर धार सलग पडली की झालं. फेस काढत बसायची गरज नाही. मीठ घालून दहा मिनिटं तसंच ठेवलं तर अंड्याचा रंग गडद होतो आणि शिजल्यावर आमलेट जरा मऊ राहतं. त्या दहा मिनिटांत चीज किसून घ्या. क्यूब मऊ पडून किसणीला लडबडत असेल तर पाच-दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

आता आमलेट

पॅन पुसून घ्या. दोन चमचे लोणी किंवा तेल घालून आच मध्यमपेक्षा कमी ठेवा. अंड्याचा एक थेंब टाकून बघा. तो हळू 'स्स' करून पांढरट व्हायला हवा. लगेच तपकिरी होऊन उडाला तर पॅन जास्त तापलाय, खाली उतरवून अर्धं मिनिट थांबा. गाडीवाल्याची आच मोठी असते, कारण त्याला मिनिटात आमलेट द्यायचंय आणि ते पातळही असतं. आपलं जाड आहे. मोठ्या आचेवर खालून करपेल आणि वरून कच्चं राहील.

सगळं अंडं एकदम ओता. कडा धरायला लागल्या की उलथन्यानं एक कड अलगद मधे ओढा आणि पॅन तिरका करा, म्हणजे वरचं पातळ अंडं मोकळ्या जागेत खाली जातं. असं चारही बाजूंनी एकेकदा. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम आहे. मग हात लावू नका.

वरचा थर वाहायचा थांबला, पण अजून ओला चमकतोय, अशा वेळी अर्ध्या भागावर निम्मं चीज पसरा. त्यावर भाजी, भाजीवर उरलेलं चीज. दोन्ही बाजूंनी चीज असल्यानं घडी घातल्यावर आमलेट भाजीला धरून बसतं, कापताना भाजी गळत नाही. झाकण ठेवून आच अगदी बारीक करा, दीड-दोन मिनिटं. झाकण काढाल तेव्हा कडेचं चीज सैल होऊन चकाकत असेल.

आता रिकामा अर्धा भाग उचलून भाजीवर दुमडा. उलथनं पूर्ण आत सरकवा, नुसत्या टोकानं उचललं की फाटतं. गॅस बंद करून परत झाकण ठेवा आणि एक मिनिट थांबा. आतल्या वाफेनं उरलंसुरलं शिजतं. अंडं कुठे पातळ राहिलेलं नको. गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं खाणार असतील तर अजून एक मिनिट द्या. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा त्रास होऊ शकतो.

भाजी अंड्यातच कालवून जाड पोळा करायचा आणि मग उलटायचा, अशीही पद्धत आहे. चवीला काही कमी नाही. पण उलटताना नवशिक्याचे हात कापतात आणि निम्मं आमलेट गॅसवर पडतं. घडीचं आधी जमवा. आणि घडी घालताना फाटलंच, तर सगळं मोडून परता आणि बुर्जी म्हणून वाढा. कुणाला सांगू नका.

सोबत काय

खरी परीक्षा इथे असते. आमलेट ताटात आलं की हात आपोआप कडक भाकरीकडे जातो. ती पातळ, कुरकुरीत, हातात घेतली तर वजनच लागत नाही, त्यामुळे 'एक पापुद्रा खाल्ला तर काय होतंय' असं वाटतं. पण कडक भाकरीतलं फक्त पाणी गेलेलं असतं, पीठ सगळं तिथेच आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कार्बोहायड्रेट ६५ ते ७० ग्रॅम. मऊ भाकरीचा तुकडा आणि तेवढ्याच वजनाचा कडक भाकरीचा तुकडा घेतला तर कडक भाकरीत पीठ जास्त. ज्वारी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि मी ती खातो, पण ज्या जेवणात मोजून खातो त्या जेवणात.

शेंगा चटणी चालते. एक चमचा, त्यावर तिचंच सुटलेलं तेल. शेंगदाण्यात कार्बोहायड्रेट थोडं असतं, पण चमचाभरानं बिघडत नाही. विकतच्या चटणीत कुणी साखर घालतं, चाखून बघा. टोमॅटो सॉस मात्र बाटलीतच राहू द्या, त्यात जवळजवळ चौथा हिस्सा कार्बोहायड्रेट, आणि बहुतेक साखर. काकडी, मुळा, कोबीची पचडी यातलं काहीही घ्या. ताक पातळ असेल तर एक पेला.

आमच्या घरी आईनं पहिल्या आठवड्यात रोज विचारलं, "भाकरी नाही, भात नाही, मग जेवण झालं म्हणायचं का रे हे?" मी तिला अर्धं आमलेट दिलं. तिनं ते भाकरीबरोबर खाल्लं आणि चीज जरा जास्त घाल म्हणाली.

रोज तीन अंडी चालतील का, हा प्रश्न कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांनी डॉक्टरांनाच विचारावा. दोन पूर्ण अंडी आणि आणखी दोन अंड्यांचं नुसतं पांढरं, असं केलं तरी आमलेट होतं. फक्त लवकर कोरडं पडतं, म्हणून आच आणखी कमी ठेवा. श्रावणात किंवा वारामुळे अंडं बंद असेल तर हीच परतलेली भाजी पनीरमध्ये घालून भुर्जी करा. बेसनाचा पोळा किंवा मुगाचं धिरडं हे अंड्याच्या जागी धरू नका, डाळीच्या पिठात कार्बोहायड्रेट बऱ्यापैकी असतं.

डब्यात न्यायचं असेल तर पूर्ण गार होऊ द्या आणि मग झाकण लावा, नाहीतर वाफेचं पाणी आमलेटवर पडतं आणि मघाशी आटवलेलं सगळं परत येतं. थंडीतही दोन तासांच्या आत खाऊन टाका. उन्हाळ्यात मी डब्यात आमलेट नेत नाही. तासाभराच्या वर बाहेर राहिलेलं अंडं त्या उकाड्यात खाऊ नये. भाजी मात्र आदल्या रात्री परतून फ्रिजमध्ये ठेवता येते. सकाळी अंडी फोडण्यापासून ताटलीत येईपर्यंत मग सात-आठ मिनिटं पुरतात.